चैत्री पौर्णिमेचं गणित

ग्रहण जवळ आलं की माझ्या फोनला ताप चढतो. निवृत्त होऊन नांदेडला घरी बसलो त्याला बरीच वर्षं झाली, पण जुने विद्यार्थी, गल्लीतले लोक, बायकोच्या भिशीतल्या बाया, सगळ्यांना अजून वाटतं की भौतिकशास्त्राचा मास्तर म्हणजे आभाळाचा तलाठी. कुणी विचारतं, सुनेला दिवस गेलेत, तिनं भाजी चिरावी का. कुणी तांबड्या चंद्राचं चित्र पाठवतं आणि खाली बायबलचा हवाला देऊन जग कधी बुडणार ते कळवतं. दोघांनाही माझ्याकडून एकच शब्द हवा असतो, 'बरोबर'. पूर्वी मी तासभर समजावत बसायचो. आता फोन उपडा करून ठेवतो. कंटाळलोय मी. शिवाय एकदा असल्याच एका तारखेला मी 'बरोबर' म्हणून बसलोय, तेही लाल शाईनं, आणि त्यात एका हुशार मुलीची बारावी गेली.

तेव्हा मी लातूरला एका ज्युनिअर कॉलेजात शिकवत होतो. भूकंपानं जिल्ह्यातली गावंच्या गावं पाडली आणि त्याच सुमारास लातुरात क्लासेसचं पीक तरारून आलं. मीही त्या शेतातला एक गडी. पहाटे साडेपाचला पहिली बॅच, अकरा ते पाच कॉलेज, संध्याकाळी पुन्हा दोन बॅचा. एसटी स्टँडवर पोरं उतरत, शिरूर अनंतपाळची, मुखेडची, पार हिमायतनगरची. हातात पत्र्याची पेटी आणि मागे बाप. बाप म्हणायचा, "सर, पोरगं तुमच्या पदरात टाकलंय, डाक्टर करा." पोराला काय व्हायचंय हे बापानं विचारलेलं नसायचं आणि मीही विचारत नसे. तेवढी फुरसत कुणाला होती?

आमची खरी विद्या म्हणजे चाचणी. रोज छोटी, शनिवारी मोठी, आणि शनिवारचे पेपर तपासून सोमवारी पोरांच्या हातात पडलेच पाहिजेत. त्यात आमच्याकडे एक रीत होती. निम्मी पोरं कुणा ना कुणा मास्तरांच्या भावकीतली, म्हणून पक्षपाताचा बोभाटा नको, यासाठी उत्तरपत्रिकेचा वरचा चार बोटं भाग मागे दुमडून, त्याला पिन मारून गठ्ठा माझ्याकडे येई. त्या भागात नाव असे आणि प्रश्न उतरवलेला असे. मी फक्त खालचं गणित बघायचं. पायऱ्या बरोबर, उत्तर बरोबर, टिक, पुढचा पेपर. प्रश्न तर मला पाठच असायचे. पिन काढून वरचं वाचायची वेळ कधी आलीच नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटायचं.

बायको नांदेडला शाळेत होती, म्हणून शनिवारी दुपारी मी नांदेडची गाडी धरत असे. अहमदपूर, लोहा करत घरी पोचेपर्यंत मांडीवरचा गठ्ठा संपलेला असायचा. खड्ड्यात गाडी आदळली की टिक कागदाबाहेर जायची. पोरं हसत म्हणायची, "ही टिक लोह्याजवळची दिसती सर."

गठ्ठा दुमडून, पिना मारून, दोरी बांधून माझ्या हातात देण्याचं काम आमचे मामा करत. मामा म्हणजे प्रयोगशाळेतले परिचर. कॉलेजातल्या सगळ्या शिपायांना पोरं मामाच म्हणत, पण हे खरोखर मामासारखे होते. बोलणं कमी, कपडे स्वच्छ, सकाळी भेटले की "सलाम, सर". तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर. स्वतः दहावीपर्यंतच शिकलेले, पण वीस वर्षं प्रयोगशाळेच्या दाराशी उभे राहून माझ्यासारख्यांचे तास ऐकलेले, त्यामुळे नवख्या प्राध्यापकाची जोडणी चुकली तर मागून हळूच वायर फिरवून देत. त्यांची एकुलती एक लेक माझ्याच बॅचला होती. दोन वर्षांत तिनं चाचणीतला पहिला नंबर क्वचितच सोडला. मुलगी डॉक्टर होणार हे आम्ही सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

भूकंपात मामांची बायको गेली. भावजयीचं बाळंतपण म्हणून ती औशाकडच्या खेड्यात भावाच्या घरी गेली होती. दगडमातीच्या भिंती, वर जड मातीचं माळवद. गणपती बोळवून गाव झोपलं आणि पहाटे जे झालं ते झालं. रस्ते तुंबलेले, गाड्या अडवलेल्या. मामा तिथं तिसऱ्या दिवशी पोचले. तोवर गावानं आणि मदतीला आलेल्यांनी मिळेल त्या तुळया, दारं, चौकटी रचून सगळ्यांना एकत्र अग्नी दिला होता. दुसरा इलाज नव्हता, कुणाचं चुकलं असंही नाही. पण मामांच्या घरात माणसाला पुरतात. शेवटच्या दिवशी प्रभू हाक मारील आणि कबरी उघडतील, ही त्यांची लहानपणापासूनची शिकवण. एकदा लेन्सच्या पेट्या पुसता पुसता ते मला म्हणाले, "तिला माती न्हाई भेटली सर, आग भेटली. आता हाक मारली तर कुठून उठायची ती?" मी म्हणालो, "मामा, तिसऱ्या बाकावरचं ते मीटर जरा बघा, काटा अडकतोय."

त्यानंतर त्यांच्या टेबलाच्या खणात बायबल आलं. मधल्या सुट्टीत ते शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, काढून बसत. बोटानं ओळ धरून वाचायची सवय. त्यात देवाच्या हातातल्या गुंडाळीवरचा सहावा शिक्का फुटल्यावर काय होतं ते त्यांनी मला सांगितलं होतं: आधी मोठा भूकंप होतो, मग सूर्य काळा पडतो, मग चंद्र रक्तासारखा होतो, मग तारे झडतात. मी "हं" म्हणालो होतो. माझ्या डोक्यात तेव्हा संध्याकाळच्या बॅचचा विषय होता.

भूकंपाला दोन वर्षं झाली आणि ऐन दिवाळीत सूर्यग्रहण आलं. लक्ष्मीपूजन झालं आणि दुसऱ्या सकाळी ग्रहण. आपल्याकडे खंडग्रास, उत्तरेकडे खग्रास. लातूर शहर त्या सकाळी संपावर गेल्यासारखं दार लावून बसलं होतं. नांदेडहून सासूबाईंनी निरोप धाडला होता की पाण्यावर, लोणच्यावर तुळशीपत्र ठेवा. आमच्या विज्ञान विभागातल्या चार मास्तरांपैकी तिघं घरातच थांबले. एकाची बायको गरोदर, एकाची आई आजारी, आणि तिसऱ्यानं कारणसुद्धा दिलं नाही. शेवटी कॉलेजच्या मैदानात मी, मामा आणि दुर्बीण. पांढऱ्या पुठ्ठ्यावर सूर्याची प्रतिमा पाडली. कडेनं काळं चढत गेलं, ऊन मळकट झालं, लिंबावरची पाखरं गप्प झाली. मामा पुठ्ठ्याकडे बघत होते. "उत्तरेकडं तर समदाच काळा होणार म्हनं," ते म्हणाले. मी म्हणालो, हो. "म्हणजे पहिलं झालं, दुसरं बी झालं." मी म्हणालो, "मामा, पुठ्ठा जरा सरळ धरा."

आता वाटतं, त्या माणसानं मला किती वेळा सांगायचा प्रयत्न केला होता.

दिवाळीनंतरच्या पहिल्या मोठ्या चाचणीत गुरुत्वाकर्षण होतं. गठ्ठा घेऊन मी गाडीत बसलो. अहमदपूर मागे पडल्यावर एक पेपर हाताला लागला, मराठी आकड्यांतला. आमची पोरं इंग्रजीत लिहीत. मला वाटलं, कुणी नवीन खेड्यातलं पोर असेल. दोन पौर्णिमांमधलं अंतर साडेएकोणतीस दिवसांच्या वर थोडं. ते घेऊन अमावास्येपासून पुढची साडेपाच आवर्तनं मोजलेली, ग्रहणं सुमारे सहा महिन्यांनी का फिरतात त्याची दोन ओळींत कारणं, आणि शेवटी चौकटीत उत्तर: चैत्री पौर्णिमा, पहाट. सुबक अक्षर, एकही खाडाखोड नाही. असा प्रश्न मी चाचणीत दिला नव्हता, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं. पण पेपर काढायला आम्ही दोघं मास्तर होतो, वाटलं दुसऱ्यानं घातला असेल. मी टिक केली, पाचपैकी पाच दिले, सही केली आणि इतकं स्वच्छ काम बघून बरं वाटलं म्हणून लिहिलंसुद्धा, 'बरोबर. मांडणी छान.' सोमवारी गठ्ठा मामांकडे दिला. पिना काढून पेपर वाटणारे तेच. त्यातला आपला, तो मराठी आकड्यांचा पेपर त्यांनी आधीच काढून घेतला.

त्या आठवड्यापासून त्यांची लेक बॅचला यायची बंद झाली.

दोन आठवडे मी विचारलं नाही, ताप-बीप असेल म्हणून. मग एका रविवारी नांदेडला न जाता त्यांच्या घरी गेलो. भूकंपानंतर जुन्या खोलीच्या भिंतीला भेग गेली म्हणून ते गावाबाहेर पत्र्याच्या दोन खोल्यांत राहायला आले होते. मुलीनं पाणी आणून दिलं. मी म्हणालो, "मामा, लेक का येत नाही? तीन महिन्यांवर परीक्षा आली."

"आता कशाला सर?" मामा शांतपणे म्हणाले. "चैताच्या पुनवेला समदं संपतंय. रिझल्ट जूनात. बघायला कोन राहनार हाय?"

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

त्यांनी बायबल उघडलं. आत तो पेपर होता, पिन काढलेला, घडी सरळ केलेली. वरच्या चार बोटांत, मी आयुष्यभर फळ्यावर लिहीत आलो तसंच लिहिलेलं होतं. दिलेले: मोठा भूकंप झाला, सूर्य काळा झाला. काढायचे: चंद्र रक्तासारखा होण्याचा दिवस, म्हणजे प्रभूच्या येण्याचा दिवस. खाली गणित. त्याच्याखाली माझी टिक, माझी सही, 'मांडणी छान'.

"तुम्हीच तर बरोबर दिलंय," मामा म्हणाले.

तेव्हाच सांगायला हवं होतं की मामा, मी वरचं वाचलं नव्हतं. एक वाक्य. पण दारात मुलगी उभी होती आणि गावभरच्या बापांना मी छातीठोकपणे सांगत आलो होतो की मी पोरांची ओळ न् ओळ वाचतो. लाज वाटली. मग लाज वाटलेला मास्तर जे करतो तेच मी केलं, तास घेतला. कंदील, लिंबू आणि चेंडू मागवून पृथ्वीची सावली दाखवली. चंद्र लाल का दिसतो ते सांगितलं, आपल्याच हवेतून गाळून गेलेला संधिप्रकाश तिथं पडतो म्हणून. लिंबू चुकीच्या बाजूला धरलं होतं, ते मुलीनं सरळ करून दिलं. तिला सगळं येत होतं.

मामांनी मान डोलावली. "सावलीच आसंल सर. मी कुठं न्हाई म्हणून राहिलो? पर वेळ कुणी ठरवली त्या सावलीची? भूकंप, मग सूर्य, मग चंद्र. ओळीनं."

मी चहा न घेता निघालो. डिसेंबरात नवी कॅलेंडरं आली, त्यांत चैत्री पौर्णिमेला खग्रास चंद्रग्रहण छापलेलंच होतं. मामांनी त्यातलं एक प्रयोगशाळेत खिळ्याला टांगलं. माझ्या टिकेवर छापखान्याचं शिक्कामोर्तब झालं.

मग मी त्यांच्या पाळकसाहेबांकडे गेलो. छोटं चर्च, बाहेर सायकली, आत पाळकसाहेब स्वतःच बाकं पुसत होते. मी सगळं सांगितलं. ते थकल्यासारखे बाकावर बसले. म्हणाले, "भूकंपापासून रोज कुणीतरी तारीख विचारतं हो. मी सांगून दमलो. योएल संदेष्ट्यानं सूर्य काळा आणि चंद्र रक्ताचा म्हटलं, ते टोळधाडीनं रान खाल्लेलं असताना. भुकेल्या लोकांना सांगत होता तो, की देवाकडे परत या. प्रभूच्या शिष्यानं, पेत्रानं, तेच शब्द यरुशलेमात उभं राहून सांगितले आणि म्हणाला, ते आता होतंय. वेळापत्रक नव्हतं ते. आणि प्रभूनं तर स्वच्छ सांगितलंय, तो दिवस कुणालाही ठाऊक नाही, देवदूतांना नाही, पुत्राला म्हणजे खुद्द त्यालाही नाही. हे मी त्या घरी जाऊन दोघांना वाचून दाखवलं."

"मग?"

"मामा म्हणाले, पाळकसाहेब, सरांनी तपासलंय." ते हसले, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. "माझी वीस वर्षांची प्रवचनं एका बाजूला आणि तुमची टिक एका बाजूला. लातूर आहे हे. तुम्ही एवढंच करा. त्यांना सांगा की तुम्ही वरचं वाचलं नव्हतं."

करतो म्हणालो आणि केलं नाही. जानेवारी आला, बॅचा वाढल्या, सराव परीक्षा सुरू झाल्या. रोज सकाळी मामा "सलाम, सर" म्हणत आणि रोज मी ठरवत असे की आज संध्याकाळी सांगू. संध्याकाळी अंगात त्राण उरत नसे. हे कारण म्हणून सांगत नाही. त्राण असतं तरी मी सांगितलं असतं की नाही, देव जाणे.

फेब्रुवारीत प्रात्यक्षिक परीक्षा झाली. टेबलं मांडायचं काम मामांचंच. पंधरा टेबलं, प्रत्येकावर साहित्य आणि आसनक्रमांकाची चिठ्ठी. लेकीचा क्रमांक त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून चिकटवला, तिच्या टेबलावरचा लंबक जुळवला, दोरा नीट आहे ना ते दोनदा पाहिलं. मला उगाच आशा वाटली. बाहेरगावचे परीक्षक आले, चौदा पोरं आली. पंधराव्या टेबलापाशी कुणीच आलं नाही. परीक्षकांनी विचारलं, "ही कुठंय?" मामा म्हणाले, "गैरहजर, साहेब," आणि साहित्य उचलून कपाटात ठेवायला लागले.

लेखी परीक्षेच्या दिवशी मी केंद्राच्या फाटकापाशी घंटा होईपर्यंत थांबलो. हॉलतिकीट ऑफिसातून मीच सोडवून घेतलं होतं, ते खिशात. घंटा झाली, फाटक लागलं. मग मला पर्यवेक्षणासाठी दुसऱ्या केंद्रावर जायचं होतं, मी गेलो. मनातल्या मनात मामांवर चिडलो होतो. म्हटलं, स्वतःच्या दुःखापायी पोरीचा बळी दिला या माणसानं. दुसऱ्याकडे बोट दाखवलं की माणसाला तेवढंच बरं वाटतं.

मार्चअखेरीस आभाळात शेंडेनक्षत्र आलं. गावाबाहेर गेलं की साध्या डोळ्यांना दिसायचं, लांब फिकट शेपटीचं. वर्तमानपत्रांनी त्याला धूमकेतू म्हणून छापलं, म्हाताऱ्यांनी दुष्काळाची खूण म्हटलं, मामांनी कॉलेजात आठ दिवसांची रजा टाकली. ईस्टरच्या आधीचा त्यांचा पवित्र आठवडा होता, आणि त्यातल्याच गुरुवारी चैत्री पौर्णिमा.

त्या गुरुवारी पहाटे मी बॅच सोडली. बॅचा सुरू केल्यापासून पहिल्यांदा. स्कूटर काढून मामांच्या घरी गेलो. आज ते वाक्य बोलायचंच, असं ठरवून. आता बोलून काही उपयोग नव्हता, तरीही.

दोघं अंगणात होते. अंगण सारवलेलं, सडा टाकलेला. मामा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून खुर्चीत ताठ बसले होते. मुलगी उंबऱ्यावर. पश्चिमेला तूर काढलेल्या रानावर चंद्र उतरत होता, आणि तो खरोखर तांबडा होता, विटेसारखा. वीस वर्षं मी त्याचं कारण शिकवत आलो होतो, तरी स्कूटर चालूच ठेवून मी बघत राहिलो. दूर मारुतीच्या देवळात भोंगा सुरू झाला. हनुमान जयंती होती, जन्माचं कीर्तन चाललं होतं. मामांनी मला पाहून खुर्ची सोडली. "बसा सर. आलात, बरं झालं." मुलगी आत जाऊन चहा घेऊन आली. माझा कप तिनं फडताळातून काढून आणला. तिपाईवर तीन कप आधीच मांडलेले होते.

चंद्र उजेडात फिकट होत गेला आणि रानाच्या कडेला दिसेनासा झाला. मागे सूर्य वर आला, नेहमीसारखा, तासाभरात चटके देणारा. मामा बराच वेळ पश्चिमेकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "गणित बरोबर निघालं सर. मिनिटावर."

त्यांच्या आवाजात जरासुद्धा राग नव्हता. मला रडू आलं. मी म्हणालो, "मामा, मी तुमचा प्रश्न वाचलाच नव्हता. वरचं दुमडलेलं होतं. मी फक्त आकडे बघितले. हे मी नोव्हेंबरातच सांगायला हवं होतं. माझी चूक आहे."

मामा म्हणाले, "वाचला असता तर काय लिहिलं असतं?"

खरंच काय लिहिलं असतं? आकडे तर बरोबरच होते.

"तारे पडतील म्हणून न्हवतो थांबलो सर," ते म्हणाले. "लेकीला वाटतं मला जग बुडवायचं होतं. मला काय जगाचं? ती उठली असती. राखंतून उठली असती. एवढंच बघायचं होतं." मग त्यांनी शर्टाची बटणं काढली, शर्ट घडी करून आत ठेवला आणि नळाला पाणी आलंय म्हणून हंडा घेऊन गेले. सोमवारी ते कामावर आले. "सलाम, सर" म्हणाले. आणखी अकरा वर्षं ते माझ्या प्रयोगशाळेत होते आणि या गोष्टीबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही.

मुलगी पुढच्या वर्षी परीक्षेला बसली, पास झाली. पण मधलं वर्ष मोडलं ते मोडलंच. तो जोर परत आला नाही, मेडिकलला थोडक्यात हुकली. नर्सिंग केलं. आता इथंच नांदेडला एका दवाखान्यात मोठी सिस्टर आहे, माझ्या बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी तिनंच सगळं पाहिलं.

पण त्या गुरुवारी सकाळी ती मला रस्त्यापर्यंत सोडायला आली होती. स्कूटर चालू करता करता मी तिच्यावर चिडलो. चिडायला दुसरं कुणी उरलंच नव्हतं. म्हटलं, "मामांचं एक वेळ समजू शकतो. पण तुला तर सगळं ठाऊक होतं. लिंबू तू सरळ करून दिलंस. त्यांनी अडवलं तर माझ्याकडं यायचंस. मी येऊन घेऊन गेलो असतो."

"पप्पांनी न्हाई आडवलं सर," ती म्हणाली. "आधी नको म्हणायचे. पाळकसाहेब येऊन गेल्यावर म्हणाले, जायचं तर जा. पेपरच्या दिवशी त्यांनीच डबा भरून दिला होता. मी न्हाई गेले."

मी स्कूटर बंद केली.

"पप्पा म्हणत होते, आजच्या पुनवेला. पर पाळकसाहेबांनी वाचून दाखवलं की तो दिवस कुणालाच ठाऊक न्हाई." ती खाली बघत पायानं माती सारखी करत होती. "मग मी म्हटलं, फिजिक्सच्या पेपरच्या दिवशीच आली तर? आईनं हे घर पाहिलेलं न्हाई सर. पप्पा कामावर, मी पेपरला. ती विचारत विचारत इथपर्यंत यायची, अन् दाराला कुलूप."